पाण्यात बुडून कोरडे कसे राहावे?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या गणपतीत आमच्या घरी एक वाद झाला. त्या वादातूनच हा लेख जन्माला आला आहे.

माझा आत्येभाऊ, ज्याला आम्ही सारे दादा म्हणतो, चार वर्षांनी गावी आला होता. तो स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरातील एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. सुटीच्या दिवशी तिथल्या एका हौशी मंडळाबरोबर तो समुद्रात स्कूबाची बुडी मारायला शिकला. आरती आटोपल्यावर त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. मागे डोंगरावर बर्फ, पुढे काळेशार पाणी, आणि काठावर गळ्यापासून पायापर्यंत काळ्या पोशाखात उभा असलेला आमचा दादा! “हा पोशाख घालून पाण्यात गेले, की अंग भिजतच नाही,” असे तो म्हणाला, तेव्हा आजीने कपाळावर हात मारला. “पाण्यात बुडान माणूस सुको कसो रवतलो?” असे तिने विचारले. बाबा आपले हसले आणि म्हणाले, “दर्यात जावक काय शाळेत शिकूक व्हया?”

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध सुटला. शिवाय आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे दादाने सांगितलेले समजून घेण्यासाठी मला आधी ग्रंथालयात आणि मग आमच्याच घराच्या पडवीत बरेच धडे गिरवावे लागले. त्यातून जे उमगले, ते येथे मांडत आहे. काही चुकले असल्यास विज्ञानाच्या प्राध्यापकांनी कान धरावा.

थंडी मारते ती कशी?

मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आम्हा लोकांना समुद्राची भीती वाटते ती लाटेची, ओढीची, वादळाची. थंडीची भीती आम्हाला ठाऊकच नाही. आमच्याकडे पाण्याचे तापमान साधारण २७ ते ३० अंश सेल्सिअस असते. दादा जिथे शिकला त्या लॉख लाँगमध्ये, म्हणजे डोंगरांच्या मधून आत शिरलेल्या समुद्राच्या लांबच लांब फाट्यात, हिवाळ्यात पाणी ६-७ अंशांवर येते आणि भर उन्हाळ्यातही १३-१४ च्या वर फारसे जात नाही.

आता कोणी म्हणेल, महाबळेश्वरला थंडीत पारा याहून खाली उतरतो, तरी माणसे फिरतातच ना? फिरतात, पण ती हवेत फिरतात. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. शरीराचे आतले तापमान ३७ अंश असते. ते ३५ च्या खाली गेले की माणूस धोक्यात आला असे समजतात. आधी हुडहुडी भरते, मग बोटे वळेनाशी होतात, जीभ जड होते आणि शेवटी विचारशक्तीच मंदावते. पाण्याखाली ज्याची बोटे चालत नाहीत त्याला झडप उघडता येत नाही, आणि ज्याची बुद्धी चालत नाही त्याला झडप उघडायची आहे हेच आठवत नाही.

त्याहूनही लवकर येणारा धोका म्हणजे पहिला धक्का. एकदम गार पाण्यात पडल्यावर माणूस आपोआप मोठा श्वास आत ओढतो. ते त्याच्या हातात नसते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर उत्तम पोहणाराही बुडतो. थंड देशांत पाण्यात पडलेली कित्येक माणसे गारठून मरण्यापूर्वी या धक्क्यानेच जातात.

आईचे हातमोजे

थंड पाण्यासाठी दोन तऱ्हेचे पोशाख असतात. पहिला वेट सूट, म्हणजे ओला पोशाख. तो निओप्रीन नावाच्या फुगीर रबराचा असतो. त्या रबरात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे असतात आणि तेच ऊब धरतात. पोशाख आणि अंग यांमध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो व तो शरीराच्या उष्णतेने कोमट होतो. अमेरिकेतील बर्कली येथील ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या आरंभी हा पोशाख तयार केला. पण खोल गेल्यावर पाण्याच्या दाबाने ते बुडबुडे दबतात, रबर पातळ होते आणि ऊब कमी होते. फार थंड पाण्यात म्हणूनच तो पुरत नाही.

दुसरा ड्राय सूट, म्हणजे कोरडा पोशाख. यात पाणी शिरूच द्यायचे नाही. मानेला आणि मनगटांना लॅटेक्सच्या किंवा सिलिकॉनच्या घट्ट पट्ट्या, पायांना जोडलेले बूट आणि पाणी न शिरणारी विशेष चेन. आत लोकरीसारख्या मऊ कापडाचे जाड कपडे घालायचे.

मला वाटत होते की रबरच ऊब देत असेल. माझी चूक आईने सुधारली. आई बाजारात मासळी विकते. बर्फाच्या खोक्यातून बांगडे काढताना ती रबरी हातमोजे घालते. ती म्हणाली, “नुसते मोजे घातले तर हात कोरडे राहतात, पण गारठतात. म्हणून मी आत जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळते.” ड्राय सूटचे सारे तत्त्व या एका वाक्यात आले! बाहेरचे आवरण फक्त पाणी अडवते. ऊब देते ती आतल्या कपड्यात अडकलेली हवा. आवरण फाटले आणि आतला कपडा भिजला, की ऊब संपली. आजीच्या प्रश्नाचे उत्तर इतकी वर्षे आमच्याच घरात बर्फाच्या खोक्याशेजारी होते म्हणायचे.

पिशवीचा प्रयोग

पण ही आतली हवाच पुढे घोटाळा करते. तो समजून घेण्यासाठी वाचकांनी घरी एक प्रयोग करून पाहावा. प्लास्टिकची पातळ पिशवी हातावर चढवा आणि पिशवीचे तोंड वर ठेवून हात पाण्याने भरलेल्या बादलीत घाला. पिशवी लगेच चहूबाजूंनी हाताला चिकटते. बादलीच्या हातभर पाण्यात ही गत, तर समुद्रात काय होत असेल?

रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेला नियम असा की, तापमान तेच राहिले तर दाब दुप्पट झाल्यावर वायूचे आकारमान निम्मे होते. समुद्रात दर १० मीटरला, म्हणजे सुमारे ३३ फुटांना, एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून १० मीटरवर पोशाखातली हवा निम्मी होते, २० मीटरवर एक तृतीयांश आणि ३० मीटरवर एक चतुर्थांश. पोशाख अंगाला आवळू लागतो, घड्यांमध्ये कातडी चिमटते, वळ उठतात. म्हणून छातीवर एक झडप असते. तिचे बटण दाबले की पाठीवरच्या नळकांड्यातील थोडी हवा पोशाखात येते आणि आवळ सैल होते.

वर येताना याच्या नेमके उलट. हवा फुगू लागते आणि माणूस फुग्यासारखा वर ओढला जातो. वर जावे तसा दाब कमी, दाब कमी तशी हवा अधिक फुगते, आणि हवा फुगली की वेग आणखी वाढतो. हे चक्र वेळीच तोडण्यासाठी डाव्या दंडावर दुसरी झडप असते. कोपर वर उचलले की हवा तिथे जमते आणि बाहेर पडते. स्कूबाच्या जाकिटात हवा असतेच. त्यात पोशाखातल्या हवेची भर पडते. अशा दोन ठिकाणच्या हवेचा हिशेब एकाच वेळी ठेवणे, हीच नवशिक्याची खरी परीक्षा होय. या हवेमुळे माणूस तरंगतो, म्हणून कमरेला शिशाची वजनेही नेहमीपेक्षा अधिक बांधावी लागतात.

शिकवणी

दादाला आधी कित्येक आठवडे बंदिस्त तरणतलावातच ठेवले. ज्याने पाचव्या वर्षी खाडी पोहून पार केली, त्याला कमरेएवढ्या पाण्यात उभे केले. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या. दादा सांगतो, “पहिल्या दिवशी मला फार अपमान वाटला.”

पोशाख घालण्यापासून धडा सुरू होतो. मानेच्या पट्टीखाली एक केस जरी अडकला, तरी त्या वाटेने पाणी झिरपते. गळ्यातली साखळी, मनगटावरचा धागा काढून ठेवायचा. चेन लावून झाली की उकिडवे बसून मानेची पट्टी बोटाने जराशी उघडायची, म्हणजे आतली जादा हवा निघून जाते. मग पाण्यात सराव. छातीवरची झडप अडकून हवा सतत येऊ लागली तर काय करायचे? नळी ओढून सोडवायची आणि दंडावरची झडप उघडायची. हवा पायांत शिरून माणूस उलटा झाला तर? गुडघे छातीशी घ्यायचे, कोलांटी मारून डोके वर आणायचे आणि मग हवा सोडायची.

थंड पाण्यात श्वासाच्या यंत्राचेही भान ठेवावे लागते. नळकांड्यातील हवा वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाखाली असते. ती एकदम सुटून पसरते तेव्हा फार थंड होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्ह बोटाला गार लागतो, त्यातलाच हा प्रकार. पाणी मुळातच थंड असेल तर यंत्रात बर्फ धरतो, झडप उघडीच राहते आणि हवा भसाभसा वाहून जाऊ लागते. अशा वेळी घाबरायचे नाही. वाहत्या हवेतूनच घोट घोट श्वास घ्यायचा आणि जोडीदाराला खूण करून दोघांनी सावकाश वर यायचे. थंड पाण्यासाठी यंत्रही वेगळे, आतला भाग पाण्यापासून बंद केलेले असे वापरतात.

श्वास रोखण्याची गोष्ट

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे आणि वादही यावरूनच झाला.

होडीच्या पंख्यात जाळे अडकले की बाबा दम धरून खाली उतरतात आणि सुरीने जाळे कापून वर येतात. मिनिट-दीड मिनिट ते सहज राहतात. दम धरणे ही आमच्या वाडीची विद्या. दादाही त्यात पटाईत. पण स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा आहे: श्वास कधीही रोखू नका.

असे का? बाबा छातीत हवा भरून घेतात ती पाण्याच्या वर. खाली गेल्यावर ती दबते आणि वर आल्यावर पुन्हा होती तेवढीच होते. पण स्कूबावाला हवा घेतो ती खाली, तिथल्या दाबाची. १० मीटरवर छाती भरून घेतली आणि दम धरून वर आला, तर तीच हवा दुप्पट व्हायला पाहते. फुप्फुस तेवढे ताणत नाही, ते फाटते. याला फार खोलीही लागत नाही. मीटर-दीड मीटरवरून दम धरून वर येणाऱ्यांनाही इजा झालेली आहे. जी सवय बाबांना तारते, तीच नळकांडे पाठीवर असताना मारते.

लॉखमधल्या दादाच्या तिसऱ्या बुडीत हेच होऊ घातले होते. आपल्याला सारे येते अशा तोऱ्यात तो बाईंच्या पुढे गेला आणि उतारावर काही पाहण्यासाठी डोके खाली करून वाकला. पोशाखातली हवा झर्रकन पायांत गेली. पाय वर, डोके खाली! दंडावरची झडप आता खालच्या बाजूला, म्हणून हवा बाहेर पडेना. सहा मीटरवरून तो उलटाच वर निघाला. “त्या क्षणी मी काय केले ठाऊक आहे?” दादा म्हणाला. “लहानपणापासून करतो तेच. दम धरला.” बाईंनी त्याच्या पायातली झापड पकडली, स्वतःच्या पोशाखातली हवा सोडून त्याला खाली खेचले आणि त्याच्या डोळ्यांसमोर येऊन हाताने एकच खूण केली: श्वास सोड. तो भानावर आला. काठावर आल्यावर बाई रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “तुला पोहता येते. आता शिकायला सुरुवात कर.”

हे ऐकताना बाबांचे हसणे थांबले होते. कारण माझा पाठचा भाऊ यंदाच्या हंगामात पर्यटकांना समुद्राखाली नेणाऱ्या होडीवर कामाला जाणार होता. “लहानपणापासून दर्यात असा, तेका काय शिकवतलास?” असे बाबांनीच त्याला सांगून ठेवले होते.

दुसऱ्याने लावायची चेन

ड्राय सूटचा इतिहास जुना आहे. ऑगस्टस सीब यांनी लंडनमध्ये १८३० च्या दशकात तांब्याच्या शिरस्त्राणाला जोडलेला रबरी कापडाचा बंद पोशाख बनवला. १७८२ मध्ये पोर्ट्समथजवळ बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या जहाजावर १८३९ पासून काही वर्षे काम झाले, तेव्हा तो वापरात आला. त्या कामाचे प्रमुख कर्नल पास्ले यांनी पाणबुड्यांना जोडीने उतरण्याचा दंडक घातला. १९४३ मध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी फ्रान्समध्ये पाठीवर नेण्याचे श्वासयंत्र सिद्ध केले आणि पाणबुड्याची वरच्या नळीपासून सुटका झाली. पुढे १९६० च्या दशकात स्वीडनच्या पोसायडन कंपनीने पाणी न शिरणाऱ्या चेनचा ‘युनिसूट’ बाजारात आणला. अशा रीतीने ड्राय सूट हौशी लोकांच्या हाती आला.

इतके कष्ट घेऊन त्या गारठ्यात जायचे कशाला, असा प्रश्न मलाही पडला. स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लो येथे २१ जून १९१९ रोजी जर्मन नौदलाने नजरकैदेत असलेली आपली जहाजे स्वतःच बुडवली. ७४ पैकी ५२ बुडाली. पुढे बहुतेक वर काढली गेली, पण सात मोठ्या युद्धनौका आजही तळाशी आहेत आणि लोक त्या पाहायला जातात. आइसलँडमध्ये थिंगवेत्लिर येथे सिल्फ्रा नावाची भेग आहे. उत्तर अमेरिका आणि युरेशिया यांचे भूपट्ट जिथे एकमेकांपासून दूर सरकत आहेत, तिथेच ती पडली आहे. हिमनदीचे पाणी लाव्हाच्या खडकांतून वर्षानुवर्षे गाळून तिथे येते. तापमान वर्षभर २ ते ४ अंश, आणि स्वच्छता अशी की १०० मीटरपर्यंत दिसते. ड्राय सूटचा अनुभव असल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय तिथे स्कूबा घेऊन उतरू देत नाहीत. दादाच्या मनात तिथे जायचे आहे.

मला मात्र या साऱ्यात एक बारीकशी गोष्ट लक्षात राहिली. दादाच्या पोशाखाची चेन पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत आहे. ती आपली आपल्याला लावता येत नाही. जोडीदाराने लावायची, शेवटपर्यंत सरकली की नाही ते बोट फिरवून पाहायचे आणि मगच पाण्यात उतरायचे. शेवटचा अर्धा इंच राहिला, तर सारा पोशाख व्यर्थ. कितीही बलवान असो, कितीही अनुभवी असो, त्याला दुसऱ्याकडे पाठ करून “बघ रे नीट लागली का” असे म्हणावेच लागते.

कॉलेजात पहिल्या वर्षी मला प्रश्न विचारायची लाज वाटे. आपल्याला येत नाही हे दिसेल, अशी भीती असे. घरात विचारावे तर कोणी शिकलेले नाही. आता वाटते, ती लाज म्हणजे दादाने धरलेला दमच होता. आणि घरच्यांना काही ठाऊक नाही हेही खरे नव्हतेच. ऊब कशाने टिकते ते आईने सांगितले. दम कसा धरावा ते बाबांना येते. फक्त कोणती विद्या कुठे चालते आणि कुठे उलटते, हे शिकवणारे कोणीतरी लागते.

अनंत चतुर्दशीला दादा परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पडवीत बादली घेऊन बसलेले दिसले. हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून ते हात पाण्यात घालत होते आणि काढत होते. असे त्यांनी तीन-चार वेळा केले. मग भावाला हाक मारून म्हणाले, “आदी शिकान घे. मगेच होडयेर जा.”

भावाने रीतसर प्रशिक्षणासाठी नाव घातले आहे. आजीला मात्र माणूस पाण्यात बुडून कोरडा राहतो हे अजूनही पटलेले नाही.